सांध्यावरची जबाबदारी

मननासाठी वाचन : यहोशवा 22:9-34, प्रेषितांची कृत्ये 6:1-7, इफिसकरांस पत्र 4:11-16

रविवारी एकाच बाकावर बसून उपासना करणारे दोघे मंडळीजन सोमवारी एकाच कचेरीत जातात आणि तेथे एकमेकांशी कागदांवाचून बोलत नाहीत, असे आपल्या मंडळ्यांतून अधूनमधून ऐकावयास मिळते. चौकशी केली तर कळते की त्यांच्यात घरगुती किंवा वैयक्तिक वैर मुळीच नाही. एक हिशेबखात्यात आहे, दुसरा खरेदीखात्यात. किंवा एक बाई वॉर्डात सिस्टर आहेत, दुसऱ्या प्रयोगशाळेत. भांडण त्यांचे नव्हे, त्यांच्या खात्यांचे. ते त्यांच्या आधीपासून तेथे होते आणि ते निवृत्त झाल्यावरही राहील. नवा माणूस नोकरीस लागतो तेव्हा टेबलखुर्चीबरोबर हे वैरही त्याच्या वाट्याला येते.

ख्रिस्ती माणसाने नोकरीत लाच घेऊ नये, वेळ चुकवू नये, खोटे बिल करू नये, हे आपण उपदेशपीठावरून ऐकत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. परंतु या सर्व बाबतींत निर्दोष असलेली माणसेदेखील खात्याखात्यांच्या ओढाताणीत सापडतात. तेथे योग्य काय व अयोग्य काय, याविषयी त्यांना फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात आम्ही एकच प्रश्न विचारात घेणार आहोत. आपल्या खात्याशी एकनिष्ठ राहणे हा सद्गुण आहे काय? असल्यास ती निष्ठा कोठपर्यंत चालते, आणि कोठे गेल्यावर ती पाप होते?

मतभेद का होतात?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की खात्याखात्यांत मतभेद होतात ते दरवेळी दुष्टपणामुळे होतात असे नाही. निरनिराळी खाती नेमली जातात तीच मुळी निरनिराळ्या गोष्टींची राखण व्हावी म्हणून.

रेल्वेचे उदाहरण घेऊ. सिकंदराबाद, हुबळी, वडोदरा, भुसावळ अशा ठिकाणी ज्यांनी रेल्वेची नोकरी केली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. रूळमार्ग सांभाळणाऱ्या इंजिनिअरिंग खात्याला रूळ तपासण्यासाठी, खडी भरण्यासाठी, झिजलेला रूळ बदलण्यासाठी मार्ग काही तास मोकळा हवा असतो. यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. वाहतूक खात्याला त्याच वेळी गाड्या पुढे काढावयाच्या असतात. एक म्हणतो, आज मार्ग दिला नाही तर उद्या रूळ दगा देईल. दुसरा म्हणतो, आज मार्ग दिला तर हजारो उतारू वाटेत खोळंबतील. दोघेही खरे बोलतात, आणि दोघेही उतारूंचेच हित पाहतात.

दवाखान्यातही तेच. हिशेब पाहणारा म्हणतो, औषधांचा साठा बेताचा ठेवा, पडून राहिलेली औषधे मुदत संपून फुकट जातात. वॉर्डातील सिस्टर म्हणते, मध्यरात्री रोगी आला तर औषध हाताशी असले पाहिजे. यांपैकी कोणाला खोटे पाडावयाचे? एकाने पैशाची राखण केली नाही तर दवाखाना बंद पडेल, दुसरीने साठ्याची राखण केली नाही तर रोगी दगावेल.

तेव्हा जेथे खाती आहेत तेथे मतभेद होणारच, आणि काही प्रमाणात ते व्हावेतही. ज्या संस्थेत हिशेबखाते खरेदीखात्याला कधीच अडवीत नाही, तेथे शांती नांदते आहे असे समजण्याची घाई करू नये. बहुधा तेथे कोणीतरी आपली राखण सोडून दिलेली असते. पौलाने करिंथच्या मंडळीला शरीराचा दाखला दिला तेव्हा सर्वांनी डोळाच व्हावे असे त्याने सांगितले नाही. हात हाताचे काम करतो, डोळा डोळ्याचे, आणि दोघांच्या कामात फरक आहे म्हणूनच शरीर चालते. या अर्थाने आपल्या खात्याची निष्ठा हा सद्गुण आहे. जे आपल्या स्वाधीन केले आहे ते नीट सांभाळणे हा कारभारीपणाच होय.

निष्ठा कोठे बिघडते?

परंतु स्वाधीन केलेली वस्तू आणि आपल्या मालकीची वस्तू यांत फरक आहे. कारभारी तो फरक विसरला की बिघाड सुरू होतो. तो ओळखण्याच्या तीन खुणा आम्हांस दिसतात.

पहिली खूण अशी : काही चुकले म्हणजे ‘काय चुकले?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणाच्या नावावर गेले?’ हा प्रश्न विचारला जातो. गाडीला उशीर झाला की तो उशीर कोणत्या तरी खात्याच्या नावे मांडण्याची रेल्वेत पद्धत आहे. हिशेब ठेवण्यात वावगे काही नाही, कारण दुखणे कोठे आहे ते कळल्याशिवाय उपाय करता येत नाही. पण ती मिनिटे दुसऱ्याच्या खात्यात ढकलण्यातच हुशार माणसांची बुद्धी खर्च होऊ लागली, तर हिशेब बिनचूक राहतो आणि गाडी उशिराच येते. एदेन बागेत देवाने आदामाला प्रश्न केला तेव्हा आदामाने हव्वेकडे बोट दाखविले आणि हव्वेने सर्पाकडे. तेव्हापासून ही रीत चालत आली आहे.

दुसरी खूण याहून घातक आहे. एका खात्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या खात्यापर्यंत पोहोचत नाही. कोणी ती मुद्दाम लपवितो असे नव्हे, तर ‘ते आमचे काम नव्हे’ एवढ्याच विचाराने ती जागच्या जागी राहते. ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ 2 जून 2023 रोजी जो भीषण अपघात झाला, त्यात 290 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोरोमंडल एक्सप्रेस मुख्य मार्गाऐवजी बाजूच्या मार्गावर वळली आणि तेथे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत मुख्य दोष सिग्नल व दूरसंचार खात्याच्या कामात आढळला. 2018 साली केलेल्या जोडणीतील फेरबदलात व अपघाताच्या दिवशी फाटकाच्या कामात चूक झाली होती. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत. सांधे विचित्र रीतीने वागत असल्याचे स्थानकाकडून सिग्नल खात्यास कळविले गेले असते, तर दोष शोधता आला असता, ही एक. आणि खरगपूर विभागातच दुसऱ्या एका स्थानकावर 16 मे 2022 रोजी अशाच प्रकारच्या चुकीच्या जोडणीची घटना घडली होती, तिच्यावरून वेळीच उपाय झाला असता तर हा अपघात टळला असता, ही दुसरी.

त्या दिवशी कामावर असलेल्या माणसांचा न्याय करणे हे आमचे काम नव्हे. तो न्यायालयाचा व शेवटी देवाचा विषय आहे. आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की खात्यांमधील अबोला ही केवळ कचेरीतील कुरबूर नसते. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न गेलेला निरोप कधी कधी तिसऱ्याच माणसाच्या जिवावर बेततो, आणि त्या माणसाला ही दोन टेबले आहेत हेदेखील ठाऊक नसते.

तिसरी खूण भाषेत दिसते. समोरच्या माणसाचे नाव जाते आणि ‘ते लोक’ उरतात. ‘ते अकाउंटवाले’, ‘ते स्टोअरवाले’, ‘ते वरचे साहेब लोक’. एकदा माणूस ‘ते लोक’ झाला की त्याच्याविषयी काहीही खरे मानणे सोपे जाते. आपल्या देशात जातीने हाच अपराध पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि आपल्या पुष्कळांच्या आजोबापणजोबांनी त्याचे चटके सोसले. ज्यांना ‘ते लोक’ म्हणून बाजूस बसविण्यात आले होते, त्यांच्याच नातवंडांनी कचेरीत नवे ‘ते लोक’ निर्माण करावेत हे शोभत नाही.

रचना बदलून भागेल काय?

कोणी म्हणेल, मग ही खातीच मोडून टाकावी. हा विचारही करून पाहिला गेला आहे. रेल्वेतील अधिकाऱ्यांच्या निरनिराळ्या सेवा एकत्र कराव्यात, अशी शिफारस प्रकाश टंडन समितीने 1994 साली, राकेश मोहन समितीने 2001 साली, सॅम पित्रोदा समितीने 2012 साली आणि बिबेक देबरॉय समितीने 2015 साली केली. अखेर डिसेंबर 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आठ सेवांची मिळून एकच रेल्वे व्यवस्थापन सेवा करण्याचा निर्णय घेतला. खात्याखात्यांच्या भिंतींमुळे कामात अडथळा येतो व निर्णय लांबतात, असे कारण सरकारी निवेदनातच दिलेले होते. पुढे 2022 साली या सेवेची भरती नागरी सेवा परीक्षेतून करण्याचे ठरले. पण रूळ, सिग्नल व विजेची कामे जाणणारी माणसे तर हवीतच. म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये तांत्रिक जागांसाठी अभियांत्रिकी सेवा परीक्षेचा मार्ग पुन्हा खुला करण्यात आला.

यातून आम्ही असा बोध घेतो की रचनेला महत्त्व आहे. वाईट रचनेत चांगली माणसेही एकमेकांशी झुंजतात, आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांनी ती सुधारली पाहिजे. तरी रचना बदलली म्हणजे सांधे नाहीसे होत नाहीत. दोन खात्यांचे एक खाते केले तर त्या खात्याच्या आत दोन शाखा होतात. भिंत सरकते, पण जेथे एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते अशी जागा कोठेतरी राहतेच. रेल्वेत रूळ जेथे दुसऱ्या रुळास मिळतो त्या जागेला मराठीत सांधाच म्हणतात, आणि तेथे काम करणाऱ्याला सांधेवाला. रूळमार्गावर सर्वांत जास्त लक्ष ठेवावे लागते ते सांध्यांवर. इफिसकरांस लिहिताना पौलानेही शरीराच्या वाढीचे वर्णन करताना सांध्यांचा उल्लेख केला आहे. अवयव चांगले असावेत एवढ्यावर तो थांबत नाही. अवयवांना जोडणाऱ्या प्रत्येक सांध्यातून पुरवठा झाला पाहिजे, तरच शरीर प्रीतीत वाढते असे तो म्हणतो.

यार्देनेच्या काठी काय घडले?

जुन्या करारात या विषयावर एक प्रकरण आहे, त्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही. कनान देशाची वाटणी झाल्यावर रऊबेनी, गादी व मनश्शेचा अर्धा वंश हे आपापल्या वतनाकडे परत निघाले. त्यांचे वतन यार्देनेच्या पलीकडे होते. वाटेत नदीकाठी त्यांनी एक मोठी वेदी बांधली. ती बातमी बाकीच्या वंशांना लागली आणि ते शिलो येथे लढाईसाठी जमा झाले. त्यांना वाटले, आपल्या भाऊबंदांनी परमेश्वराला सोडून निराळी उपासना मांडली.

तलवारी उपसण्यापूर्वी मात्र त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. एलाजार याजकाचा पुत्र फिनहास व त्याच्याबरोबर दहा सरदार यांना त्यांनी विचारण्यासाठी पाठविले. या मंडळींनी आपला संशय तोंडावर सांगितला, गोलमाल भाषा केली नाही. त्याबरोबरच त्यांनी असेही म्हटले की तुमची भूमी तुम्हांला अशुद्ध वाटत असेल, तर इकडे या व आमच्या वतनात वाटा घ्या. म्हणजे दोष दाखवितानाच स्वतःचे काही देण्याची त्यांची तयारी होती. आणि उत्तर काय मिळाले? ती वेदी यज्ञासाठी नव्हतीच. पुढेमागे तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की नदीपलीकडच्यांचा परमेश्वराशी संबंध नाही, या भीतीने त्यांनी ती साक्षीसाठी बांधली होती. एका बाजूला वाटत होते की हे फुटून निघत आहेत. दुसऱ्या बाजूला वाटत होते की हे आपल्याला तोडून टाकतील. दोघांनाही एकाच गोष्टीचे भय होते, आणि त्यासाठी दोघे लढाईच्या काठावर आले होते.

यात पूर्वेकडील वंशांचीही चूक होती असे आम्हांस वाटते. वेदी बांधण्याआधी त्यांनी एक निरोप धाडला असता, तर हा प्रसंग आला नसता. हेतू चांगला असला म्हणजे कळविण्याची गरज नाही, असे चांगल्या माणसांना फार वाटते. कचेरीतील निम्मे तंटे अशा न कळविलेल्या वेद्यांवरूनच होतात.

यरुशलेमेतील तक्रार

नव्या करारात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीतील तक्रार आहे. रोजच्या वाटणीत आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या विश्वासणाऱ्यांची इब्री विश्वासणाऱ्यांविरुद्ध कुरकुर होती. प्रेषितांनी ‘मंडळीत कुरकुर करणे पाप आहे’ असे सांगून ती दाबली नाही. सर्व शिष्यांना बोलावून काम कोणी करावे ते त्यांनीच निवडावे असे सांगितले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. यावरून असे दिसते की ज्यांच्या बाजूची तक्रार होती, त्यांच्यावरच विश्वासाने कारभार सोपविण्यात आला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रेषितांनी येथे कामाची विभागणी केली. प्रार्थना व वचनाची सेवा एकीकडे, जेवणाच्या पंगतीची सेवा दुसरीकडे. पण ती विभागणी त्यांनी भिंत बनविली नाही. पंगतीच्या सेवेसाठी नेमलेला स्तेफन पुढे वचनाची साक्ष देऊन रक्तसाक्षी झाला, आणि फिलिप्पाने शोमरोनात सुवार्ता सांगितली. ‘हे तुमच्या खात्यात येत नाही’ असे त्यांना कोणी म्हटले नाही.

तडजोडीच्या पलीकडे

मतभेद मिटविण्याच्या रीतींविषयी मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंनी मोलाचा विचार मांडला आहे. त्यांचा जन्म 1868 चा व मृत्यू 1933 चा. बॉस्टन शहरात त्यांनी पुष्कळ वर्षे समाजसेवा केली आणि शाळांच्या इमारतींत वस्तीसाठी केंद्रे चालविली. 1925 सालच्या एका व्याख्यानात त्यांनी सांगितले की तंटा सोडविण्याच्या तीन रीती आहेत. एकाने दुसऱ्याला दडपावे, दोघांनी थोडे थोडे सोडून तडजोड करावी, किंवा दोघांनाही खरोखर काय हवे आहे ते शोधून दोन्ही गरजा एकत्र बसतील असा मार्ग काढावा. त्यांनी दिलेला दाखला अगदी साधा आहे. हार्वर्डच्या ग्रंथालयात एका लहानशा खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती आणि बाईंना ती बंद हवी होती. अर्धी खिडकी उघडली असती तर दोघांचेही समाधान झाले नसते. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतील खिडकी उघडली. एकाला हवा मिळाली, आणि बाईंच्या अंगावर उत्तरेचा वारा आला नाही. दोघांपैकी कोणाचीही मागणी खिडकीची नव्हतीच.

ही रीत कचेरीत फार उपयोगी पडते. दवाखान्यातील त्या साठ्याच्या भांडणात ‘साठा किती?’ असे विचारीत बसण्याऐवजी ‘रात्री नेमकी कोणती औषधे लागतात?’ असे विचारले तर दहाबारा औषधांची यादी निघते, तेवढी वॉर्डात ठेवावी व बाकी भांडारात ठेवावी. पैसाही वाचतो, रोगीही वाचतो. मात्र त्यासाठी हिशेबनिसाला वॉर्डापर्यंत चालत जावे लागते आणि सिस्टरला हिशेबाची वही पाहावी लागते. फिलिप्पैकरांस लिहिताना पौलाने दुसऱ्याचेही हित पाहण्यास सांगितले आहे. दुसऱ्याचे हित पाहावयाचे तर आधी त्याचे काम पाहिले पाहिजे.

तरी सावधपणे एक गोष्ट सांगतो. प्रत्येक वेळी शेजारी रिकामी खोली असतेच असे नाही. जेथे माणसाच्या जिवाचा, सत्याचा किंवा दुबळ्याच्या हक्काचा प्रश्न आहे, तेथे गोडी राहावी म्हणून मान डोलावणे ही प्रीती नव्हे. रूळ कमजोर आहे हे ज्याला दिसते त्याने तो ठीक आहे म्हणून सही करू नये, मग वाहतूक खाते कितीही रागावो. तोंडापुरत्या शांतीविरुद्ध यिर्मया संदेष्ट्यानेही आपल्या काळी कडक शब्द उच्चारले होते.

दोन सह्यांचा कागद

सांध्याची राखण चांगल्या मनावर सोपवून भागत नाही, त्यासाठी ठरलेली रीत लागते. सिग्नलच्या यंत्रणेवर काम करावयाचे असेल तेव्हा त्या खात्याचा माणूस स्टेशनमास्तरला ठराविक छापील कागदावर लेखी कळवितो. स्टेशनमास्तर त्यावर सही करतो, आणि काम पुरे होऊन यंत्रणा पुन्हा जोडल्याचे लेखी मिळेपर्यंत तिच्यावर भरवसा ठेवावयाचा नसतो. हा कागद म्हणजे अविश्वास नव्हे. ‘मी आता येथे हात घालीत आहे, तुझ्या गाड्या सांभाळ’ असे एका खात्याने दुसऱ्याला सांगणे, आणि ‘मी ऐकले’ असे दुसऱ्याने उत्तर देणे, असा तो करार आहे. सही करणाऱ्याने काम पाहून सही केली तर तो कागद प्राण वाचवितो. न पाहता केली तर तीच खोटी साक्ष होते, आणि खोट्या साक्षीविषयीची आज्ञा दहा आज्ञांत आहे.

शस्त्रक्रियागृहांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली अशीच एक तपासणीची यादी काढली. ते काम शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने झाले. त्यांचे वडील विदर्भातून अमेरिकेत गेलेले. या यादीत एक साधी अट आहे. चाकू लावण्यापूर्वी शस्त्रवैद्य, भूल देणारे डॉक्टर, परिचारिका या सर्वांनी आपले नाव व काम मोठ्याने सांगावयाचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा 1.5 वरून 0.8 वर आले, असे 2009 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. पुढे 2014 साली कॅनडातील आंटेरिओ प्रांतात झालेल्या मोठ्या पाहणीत मात्र असा स्पष्ट फरक दिसला नाही. आम्हांस वाटते की कागदाची शक्ती तो भरणाऱ्याच्या मनावर अवलंबून आहे. समोरच्याचे नाव विचारणे आणि त्याच्या नावापुढे खूण करणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

धाकट्या नोकराने काय करावे?

येथे काही वाचक म्हणतील, हे सर्व खातेप्रमुखांना सांगा. आम्ही कारकून, फिटर, नर्स, शिपाई. आमच्या हाती काय आहे? आमच्या साहेबांनीच सांगितले आहे की त्या खात्याला काही कळवू नका.

हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर स्वस्त नाही. क्रम असा असावा असे आम्हांस वाटते. आधी आपल्या वरिष्ठांना एकट्यात, नम्रपणे व स्पष्ट सांगावे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने हीच पायरी पहिली ठेवली आहे. आपल्या खात्याचा दोष बाहेर मिरवू नये, कारण चहाड्या करणे आणि सत्य सांगणे यांत अंतर आहे. चहाडीत दुसऱ्याला खाली पाडण्याची इच्छा असते, सत्य सांगण्यात तिसऱ्या माणसाला वाचविण्याची. वरिष्ठांनी ऐकले नाही तर लेखी द्यावे. आणि ज्या ठिकाणी कोणाच्या जिवाला आताच धोका आहे, तेथे पायऱ्या मोजीत बसू नये. ज्याला कळले पाहिजे त्याला, मग तो कोणत्याही खात्याचा असो, ताबडतोब कळवावे.

याची किंमत कधी कधी मोजावी लागते. बढती अडते, बदली होते, आपल्याच टेबलाशेजारचे लोक ‘तू आमचा की त्यांचा?’ असे विचारतात. ज्याला घरी चार तोंडे आहेत त्याला हे सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच अशा माणसाला मंडळीने एकटे सोडू नये. पाळकसाहेबांनी त्याच्या घरी जावे, प्रार्थना करावी, आणि मंडळीतील अनुभवी वडीलधाऱ्यांनी त्याला सल्ला द्यावा. ‘तू आमचा की त्यांचा?’ या प्रश्नाला ख्रिस्ती माणसाचे उत्तर एकच आहे. मी ज्याच्या मोलाने घेतलेला आहे त्याचा आहे, आणि त्याने दोहोंना एक करून मधली भिंत पाडली आहे.

आपल्याच घरापासून आरंभ

शेवटी मंडळीकडे वळू. नाताळाच्या कार्यक्रमासाठी हॉल कोणाला मिळावा यावरून महिला मंडळ व तरुण संघ यांची कुरबूर, शब्बाथशाळेच्या वर्गाला खुर्च्या मिळत नाहीत कारण त्या दुसऱ्या कमिटीच्या आहेत, खजिनदार आणि बांधकाम कमिटी यांचा पत्रव्यवहार, हे आपल्याला नवे नाही. कचेरीतील भिंतींविषयी आपण बोलतो आणि उपासनामंदिरात त्याच उभारतो. वर्षारंभी सर्व कमिट्यांच्या चिटणिसांनी एकत्र बसून वर्षाचे वेळापत्रक ठरवावे आणि आपल्या कामाचा दुसऱ्यावर कोठे भार पडतो ते एकमेकांस सांगावे. एवढ्यानेही पुष्कळ न कळविलेल्या वेद्या टळतील.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक सूचना आहे. नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय मुलांकडून वाचून घ्यावा. नुसत्या नावांची यादी म्हणून आपण तो ओलांडून जातो. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत, आपल्या मुलींना बरोबर घेऊन बांधकाम करणारा शल्लूम आहे. प्रत्येकाचा कोटाचा भाग निराळा, पण प्रत्येकाच्या कामानंतर लगेच पुढच्याचे नाव येते. फळ्यावर एक गोल कोट काढून मुलांना एकेक भाग वाटून द्यावा आणि मग विचारावे : तुझा भाग उत्तम झाला आणि शेजारच्याशी जेथे जुळावयाचा तेथे फट राहिली, तर शत्रू कोठून आत येईल? मुले बरोबर उत्तर देतील. मग चौथ्या अध्यायाकडे वळावे. काम मोठे आहे आणि आपण कोटावर एकमेकांपासून दूर दूर आहोत, हे नहेम्याने लोकांना मोकळेपणी सांगितले, आणि रणशिंगाचा आवाज येईल तेथे सर्वांनी धावून यावे असे ठरविले.

आपल्या खात्याशी निष्ठा ठेवावी, कारण कोटाचा तो भाग आपल्याला सोपविलेला आहे. पण जेथे आपला भाग संपतो व शेजाऱ्याचा सुरू होतो ती शेवटची वीत कोणाची, असा वाद निघाला तर ती आपली आहे असे समजून ख्रिस्ती माणसाने तेथे हात घालावा. उद्या कामावर गेल्यावर दुसऱ्या खात्यातील कोणा एकाला कळविण्याजोगी कोणती गोष्ट आपल्यापाशी अडकून राहिली आहे, ती प्रत्येक वाचकाने आठवून पाहावी, आणि दुपारच्या सुट्टीपूर्वी ती सांगून टाकावी.